सातवा फर्मा

सोमवार, ३ मार्च

ही वही कटिंग मशीनखाली उरलेल्या पट्ट्यांची शिवली आहे, म्हणून पानं अरुंद आहेत आणि मला थोडक्यात लिहावं लागणार. झोप लागत नसेल तर रोज चार ओळी लिहीत जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना सांगणार होते की झोप मला भरपूर लागते, फक्त दिवसा आणि चालता चालता लागते. पण त्यांच्या दारात रांग होती.

आज एकाच टेम्पोतून दोन पुस्तकांचे छापील ताव आले. आमच्या प्रकाशकांचं डोकं म्हणजे बाजारची पिशवी, आत हात घातला की काय निघेल सांगता येत नाही. या खेपेला एक निघाली आयर्लंडमधल्या कुणाची विनोदी कादंबरी, आणि एक निघालं ख्रिस्ती साधनेवरचं पुस्तक, मठात राहणाऱ्या कुण्या साधूनं लिहिलेलं. दोन्ही भाषांतरं. दोन्हींचा आकार एक, कागद एक, फर्मेही दहा-दहाच. साधनेचं पुस्तक टेकडीवरच्या सिस्टरांनी मागवलं आहे. त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांची सोय आहे, आणि आमचे मामंजी तिथेच राहतात.

मामंजी म्हणजे माझे सासरे. ही बाइंडरी त्यांनी उभी केली, मग ती ह्यांनी चालवली. मागच्या वर्षी हे गेले. आठवड्याभरात मामंजींनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आता कुलूप लाव." मी म्हटलं, "नाही लावणार." इतकंच झालं. त्यांनी पिशवी भरली आणि टेकडीवर राहायला गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. ह्यांचा विषय तर आमच्या दोघांत कधी निघालाच नाही.

बुधवार, ५ मार्च

घड्या. दिवसभर घड्या.

मोठ्या तावावर सोळा पानं छापलेली असतात. त्याच्या घड्या घातल्या की एक फर्मा होतो, आणि असे फर्मे ओळीनं लावून शिवले की पुस्तक. त्यामुळे आमच्या धंद्यातलं वाचन उफराटं असतं. हाताशी नववा फर्मा असेल तर नववा, मग दुसरा. मला माणसं आधी मरताना भेटतात आणि मग त्यांचं लग्न लागतं. सवय झाली की वाईट वाटत नाही.

कादंबरीत एक काका आहेत. पुतण्यानं त्यांच्यासाठी आगाऊ शवपेटी करून आणली, तर काकांना ती इतकी आवडली की ते रोज तिच्यातच झोपायला लागले, आणि मरायचं नावच घेईनात. साधनेच्या पुस्तकात कुणीच नाही. एक खोली आहे, एक जीव आहे, आणि देव बहुतेक दाराबाहेर उभा आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात काका त्या खोलीत जाऊन बसले होते आणि देव त्यांच्यासाठी उशी शोधत होता.

शिलाईवाली म्हणाली, "बाई, हसताय काय एकट्याच?"

मी म्हटलं, "कुठं हसतेय?"

रविवार, ९ मार्च

टेकडीवर गेले. मामंजी नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून बसलेले. त्या खिडकीतून फाटक दिसतं आणि खालून वर येणारा रस्ता, बाकी काही नाही. एवढ्या सुंदर बागेकडे पाठ करून रस्ता बघत बसायचं, म्हणजे हट्टाची कमाल आहे. मी आत गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी कामाचं सांगितलं, चिकटवायचा सरस महाग झालाय सांगितलं, शिलाईवालीच्या मुलीला दात आला ते सांगितलं. भिंतीशी बोलले असते तर तिनं निदान माझा आवाज तरी परत केला असता.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "अन्न कमी झालंय त्यांचं. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. मनानंच आवरतं घेतलंय."

उतार उतरताना मनात म्हटलं. रागवायचं असेल तर रागावून घ्या म्हणावं. असं विझत काय जायचं?

मंगळवार, ११ मार्च

फर्मे जुळवले. लांब टेबलावर एका कडेनं साधनेचे ढीग, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, आणि दुसऱ्या कडेनं काकांचे. टेबलाभोवती फिरायचं, साधनेच्या प्रत्येक ढिगावरून एक उचलायचा, फेरी संपली की हातात एक पुस्तक. हे असताना आम्ही दोघं फिरायचो. ते पुढं, मी मागं, आणि ते सारखे काहीतरी गुणगुणायचे. आता पुढं कुणी नसतं, तरी मी थोडं अंतर राखूनच चालते.

दुपारचं ऊन तिरकं आलं होतं आणि कागदाचा बारीक भुगा त्यात तरंगत होता. मला वाटलं, मी चालतच नाहीये, टेबल फिरतंय. किती फेऱ्या झाल्या कळलं नाही. शिलाईवालीनं चहा आणून ठेवला तो कधी, तेही कळलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

साधनेची पुस्तकं शिवून, पुठ्ठा चढवून टेकडीवर रवाना केली. कापड निळं घेतलंय. कणे सरळ, कोपरे चोख. मामंजी हातात घेऊन बघतील आणि काही बोलणार नाहीत, पण बघतील तरी.

सोमवार, १७ मार्च

आता काकांची पुस्तकं शिवायला घ्यावी म्हणून ढीग मोजले, तर काकांचे सातवे फर्मे कमी. शोधाशोध केली. टेबलाखाली साधनेच्या सातव्याचा एक अख्खा गठ्ठा सापडला, सुतळी न सोडलेला.

मी खुर्चीवर बसले.

काय झालं ते लिहून ठेवते. साधनेचा सातवा ढीग फिरता फिरता संपला असणार. दुसरा गठ्ठा सोडायचा सोडून माझा हात पलीकडच्या ढिगावर गेला, तोही सातवाच. चूक पकडायला म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. फर्मे ओळीत असले की त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात, आणि एखादी पायरी चुकली तर लगेच दिसतं. पण सातव्याची खूण दोन्ही पुस्तकांत एकाच जागी. पानांचे आकडेही तेच, सत्त्याण्णव ते एकशे बारा. जिना चोख उतरला. फक्त मध्येच एक पायरी दुसऱ्याच्या घरातली.

मामंजींचं एक वाक्य आहे, ते ह्यांना लहानपणापासून ऐकवायचे: "पान फाटलं तर माणूस माफ करतो. चुकीचा फर्मा गेला तर बाइंडरीला कुलूप लावावं." आणि तो गेला कुठं, तर त्यांच्याच उशाशी.

मी एक प्रत मनातल्या मनात उघडून पाहिली. शहाण्णवाव्या पानावर साधू म्हणतात, सगळे शब्द संपले की जीव आपल्या आतल्या खोलीचं दार लावून घेतो, आणि... सत्त्याण्णवावर: एवढ्या मोठ्यांदा घोरतो की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

देवा, आता तूच बघ.

मंगळवार, १८ मार्च

प्रकाशकांना फोन केला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "परत आणा सगळ्या. नीट करून द्या. आणि सिस्टरांची माफी तुम्हीच मागा, माझ्यानं होणार नाही."

उद्या जाते.

बुधवार, १९ मार्च

उशीर झाला होता. वाचून झालं होतं.

सिस्टरांचा एक नियम आहे, तो मला ठाऊक नव्हता. जेवताना एक सिस्टर मोठ्यानं वाचते. ऐकणाऱ्यांनी बोलायचं नाही, आणि वाचणारीनं काही झालं तरी थांबायचं नाही. परवा वाचायची पाळी एका लहान, बुजऱ्या सिस्टरची होती. शहाण्णवावं पान उलटलं आणि काका घोरायला लागले. ती लाल झाली, पण नियम म्हणजे नियम, वाचत राहिली. पुढं पाद्रीबाबा येतात, काका त्यांना म्हणतात, पेटीत वारा लागतो का जरा आडवं होऊन बघा. पाद्रीबाबा आडवे होतात आणि त्यांना गाढ झोप लागते. मग काका गेले अशी आवई उठून सगळं गाव फुलं घेऊन येतं, आणि पेटीत पाद्रीबाबा. त्या पोरीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पेटीतून उठून बसत ते विचारतात, "चहा टाकलाय का कुणी?" आणि लगेच एकशे तेराव्या पानावर साधू: असं विचारणारा जीव देवाच्या फार जवळ पोचलेला असतो.

"कुणी बोललं नाही," सिस्टर म्हणाल्या, "पण टेबलं हलत होती. आणि मग तुमचे सासरे हसले. मोठ्यानं. आम्ही त्यांचा आवाजच पहिल्यांदा ऐकला."

हसणारच. मीसुद्धा हसले असते. सुनेनं धंदा चालवून दाखवते म्हटलं, आणि हे दाखवलं.

मी माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, "आमच्यातल्या दोघीतिघींना पुस्तक असंच ठेवायचंय." मी म्हटलं, "नाही, चूक ती चूक." सगळ्या प्रती गोळा करून दिल्या त्यांनी. एक सोडून. ती मामंजींच्या उशीखाली आहे आणि ते देत नाहीत. मी मागितली तर त्यांनी उशीवर हात ठेवला.

पुरावा म्हणून ठेवलीय. दुसरं काय?

शुक्रवार, २१ मार्च

कणे उसवले, सातवे काढले, बरोबरचे घातले. उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड काम आहे, हात हळू चालवावा लागतो.

साधनेचा सातवा जाता येता वाचत होते. त्यात तो जीव म्हणतो की देवानं माझ्याकडे पाठ फिरवली. पानामागून पान रडतो. मला वैताग आला. इतकं वाटतं तर जाऊन त्याचा खांदा धरून त्याला वळवावं की. शिलाईवालीला वाचून दाखवलं तर ती दोरा तोंडात धरून म्हणाली, "कुणाकुणाचं असं असतंच, बाई," आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

रविवार, २३ मार्च

मामंजी बोलले!

मी निघाले होते, दारापर्यंत पोचलेही होते. मागून आवाज आला, खरखरीत, फार दिवस न वाजवलेल्या पेटीसारखा.

"आठवा."

मी वळून म्हटलं, "काय आठवू?"

"आठवा फर्मा," ते म्हणाले. "काकांचा. पुढच्या खेपेला आण. घडी न घालता."

मी "बरं" म्हटलं आणि उतारावरून जवळजवळ पळत आले. हसू की रडू कळत नव्हतं. घरी आल्यावर डोकं ठिकाणावर आलं. घडी न घालता, म्हणजे माझ्या घडीवर विश्वास उरलेला नाही. असो. बोलले तर.

रविवार, ३० मार्च

आठवा दिला. त्यांनी ताव मांडीवरच्या पाटावर पसरला. एक घडी, दुसरी, तिसरी. कडेला कड अशी बसली की मधून केससुद्धा जाणार नाही. मग मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. गावकरी पाद्रीबाबांना पेटीतून बाहेर काढतात आणि काका भांडतात की माझी चादर चुरगळली. मामंजी डोळे मिटून ऐकत होते. मधेच पोट हलायचं. संपल्यावर म्हणाले, "सरस पातळ कर. पुठ्ठा वाकतोय तुझा." तरी मला वाटलंच होतं! एक गोष्ट सुखानं देतील तर शपथ.

"पुढच्या वेळी नववा. आणि साधूचे आण पहिले तीन."

दोन्ही पुस्तकं तपासायला घेतली आहेत म्हणजे. पान न पान बघणार, आणि मग निकाल सांगणार. सांगू दे.

सरस पातळ केला. पुठ्ठा वाकला नाही.

रविवार, ६ एप्रिल

सुई मागवली, दोरा मागवला, मेण मागवलं, निळ्या कापडाचा तुकडा मागवला. सिस्टर म्हणतात, आता दोन्ही वेळा पोटभर जेवतात, आणि जेवताना नियम मोडून शेजारच्या आजोबांना काकांची गोष्ट सांगतात.

जाता जाता त्या आणखी एक बोलल्या. ती कादंबरी म्हणे त्यांनी केव्हाच दुकानातून मागवून वाचनाच्या खोलीत ठेवली आहे. दुसऱ्या कुणा बाइंडरनं बांधलेली, पहिली आवृत्ती. मामंजींनी ती पंधरा दिवसांपूर्वीच वाचून संपवली.

मग माझ्याकडून एकेक फर्मा कशाला मागवतात? मी टेकडी चढून दमते, तावाचे कोपरे दुमडू नयेत म्हणून छातीशी धरून नेते, आणि मामंजींना सगळं आधीच ठाऊक! वर वाचून दाखवायला लावतात आणि पहिल्यांदा ऐकल्यासारखं "मग? मग?" करतात. म्हातारपणी माणूस लबाड होतो. तपासणीच आहे ही, दुसरं काही नाही.

शनिवार, १२ एप्रिल

आता फक्त काकांचा दहावा उरलाय. बाकी सगळं त्यांच्याकडे पोचलं.

मी तो नेणार नाहीये. ठरवलंय. दहावा दिला की संपलं. मग ते परत खिडकीकडे वळतील, आणि मी परत सरसाचा भाव सांगत बसेन. मला ते नको आहे. मला त्यांचं "मग? मग?" हवं आहे, दर रविवारी. हे लिहिताना लाज वाटत नाही, म्हणून लिहून टाकते.

सांगेन, छापून यायचाय.

रविवार, १३ एप्रिल

सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "छापखाना सावकाश चालू दे. घाई नाही." आणि सिस्टरांना हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. तो आम्ही दोघांनी प्यायला, काही न वाचता. ते त्यांच्या पहिल्या मालकाच्या गोष्टी सांगत होते, मला कधीच न सांगितलेल्या. परत येताना काळोख पडायला आला होता आणि झाडं रस्त्यावर ओणवी झाली होती. मला वाटलं, हा उतार संपूच नये.

थाप पचली म्हणायची.

रविवार, २० एप्रिल

तरीही आज दहावा नेला. खोटं फार दिवस सांभाळता येत नाही मला, खिशातल्या टाचणीसारखं टोचत राहतं. त्यांनी ताव पसरला. घडी घातली. मी वाचलं. शेवटी काका पेटीची कुंडी करतात, म्हणजे तिच्यात माती भरून गुलाब लावतात, आणि पुतण्याच आधी म्हातारा होतो.

"पुढच्या रविवारी ये," मामंजी म्हणाले. "निकाल सांगतो."

रविवार, २७ एप्रिल

निकाल लागला. जमेल तसा लिहिते.

त्यांनी दोन पुस्तकं माझ्या हातात ठेवली. निळं कापड, मी पाठवलेल्याच तुकड्यातलं. कणे असे की बोट फिरवत राहावं. मी पहिलं उघडलं. साधू. सोळावं पान उलटलं तर तिथं काका. पुढं साधू, मग पुन्हा काका. एक फर्मा त्यांचा, एक फर्मा यांचा, सरळ दहापर्यंत. दुसरं पुस्तक उघडलं, तर तिथं सुरुवात काकांपासून.

"मामंजी," मी म्हटलं, "हे काय केलंत? तुम्ही?"

"का? चूक दाखव."

मी पाठीवरच्या खुणा आठवल्या. जिना चोखच उतरला असणार. पानांचे आकडेही सरळ. चूक कुठंच नव्हती, किंवा सगळं पुस्तकच चूक होतं.

"वाच सांधे," ते म्हणाले.

मी वाचायला लागले. तिसऱ्या फर्म्याच्या शेवटी साधू म्हणतात, देवाच्या दारात माणसानं कधीही... आणि चौथ्यात: ओले मोजे घालून जाऊ नये, असं काकूंचं ठाम मत होतं. मला हसू आवरेना. मामंजीही हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता. आणि मला एकदम दिसलं की आमचे हे अगदी असेच हसायचे. खांदे हलवत, आवाज न करता. एवढी वर्षं मला कळलंच नव्हतं की ते हसू कुणाकडून आलं.

मामंजींनी चष्मा काढला. "त्याला आवडलं असतं," ते म्हणाले.

वर्षभरात आमच्यापैकी कुणी ह्यांचं नाव काढलं नव्हतं. मी पुस्तक तोंडावर धरून रडले. कापड ओलं होईल म्हणून ते बाजूला घ्यायला हवं होतं, पण मामंजी काही म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची खिडकीकडून ओढली आणि माझ्याजवळ आणून ठेवली. तेही रडत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा नाही.

निघताना त्यांनी साधूनं सुरू होणारं मला दिलं आणि काकांनी सुरू होणारं स्वतःजवळ ठेवलं. "एक तुझ्याकडे, एक इथं."

मी म्हटलं, "अहो, पण मग कुणाकडेच पुरतं नाही. काकांचं पुढलं तुमच्याकडे, साधूंचं पुढलं तुमच्याकडे. प्रत्येक फर्म्याला मी ही टेकडी चढू की काय? नाहीतर तुम्हाला उतरावं लागेल." एवढा हाडाचा कारागीर, आणि त्यानं असला गैरसोयीचा प्रकार करावा! मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

"खरंय," ते म्हणाले. "गैरसोय आहे."

मी म्हटलं, "बरं, माझा पहिला फर्मा वाचून झाला की निरोप पाठवते."

"माझा झाला वाचून," मामंजी म्हणाले. "उद्या येतो."